आतुराची अनन्यता

दुखणे आले म्हणजे माणसाचे ज्ञान परीक्षेस लागते. निरोगी अवस्थेत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांचा विचार ज्याच्या मुखी अखंड असतो, तो साधकही ज्वराच्या तिसऱ्या रात्री शेजारच्या हाताचा आधार शोधू लागतो. आणि तो हात कोणाचा, कोणत्या धर्माचा, हे निवडण्याची सवड त्या वेळी त्याला उरत नाही. विचाराचे प्रकरण तेथे संपते असे मात्र नव्हे. उलट, आतुरावस्थेत जे घडते तेच पूर्वीच्या विचाराचे खरे फळ होय. म्हणूनच, परधर्मीयांची सेवा व त्यांनी आपल्यासाठी केलेली प्रार्थना आजारी माणसाने स्वीकारावी की नाही, हा प्रश्न किरकोळ व्यवहाराचा न मानता आचाराच्या अंगाने नीट पाहिला पाहिजे.

प्रश्नाचे स्वरूप

खानदेशात हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव हे पूर्व भागाचे व धुळे हे पश्चिम भागाचे मुख्य ठाणे ठरले. पश्चिम खानदेशच्या डोंगरपट्टीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती मिशनऱ्यांचे काम सुरू झाले. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा येथे १९४२ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले. नवापूर तालुक्यातील हे गाव तेव्हा पश्चिम खानदेशात होते, पुढे धुळे जिल्ह्यात गणले गेले व १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. रुग्णालयाची व्यवस्थाही पुढे इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय ख्रिस्ती संस्थेकडे आली. भोवतालच्या आदिवासी वस्त्यांतील रुग्ण तेथे येत राहिले. महाराष्ट्रात अन्यत्रही अशी उदाहरणे आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उघडले. श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांनी पावन झालेले ऋद्धपूर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले. घरच्यांनीही ज्यांना दूर ठेवले त्यांच्या जखमा तेथे धुतल्या गेल्या.

अशा एखाद्या रुग्णालयात शहादा-शिरपूरकडील एक वृद्ध वासनिक दाखल झाले आहेत, असे समजू. आतड्याला पीळ पडला आहे, शस्त्रक्रिया सकाळी व्हावयाची आहे. उशाशी स्वच्छ वस्त्रात बांधलेले विशेष आहेत. संध्याकाळी परिचारिका येते, विशेषांची ती पुरचुंडी तिच्या हाताला लागते, तशी ती ती दोन्ही हातांनी उचलून उंचावर ठेवते. मग अंथरूण नीट करते आणि विचारते, “आबा, सकाळी तुम्हाला आत नेतील. त्याआधी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” मुलगा बापाकडे पाहून मानेने नको म्हणतो. पत्नी म्हणते, “करू द्या हो, चांगलंच मागते आहे ना पोर.” वृद्ध काही बोलत नाहीत. त्यांच्या त्या क्षणभराच्या मौनात जो विचार चालला असेल, त्याचेच विवरण येथे करावयाचे आहे.

पूर्वपक्ष

मुलाचा नकार अविचाराचा नाही. त्याच्या मागे तीन आक्षेप आहेत व तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप अनन्यतेचा. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीवाला परमेश्वरापासून दुरावणाऱ्या अन्य आश्रयांचे निराकरण केले. सूत्रपाठात अन्यव्यावृत्ती हे स्वतंत्र प्रकरण आहे, यावरून त्या निराकरणाचे महत्त्व कळते. देवता नित्यबद्ध आहेत. त्या फळ देतील, पण बंधातून सोडविणार नाहीत. नित्यमुक्त असा एक परमेश्वरच जीवाचा उद्धार करतो. मग अन्य धर्माच्या उपासनेचे बोल आपल्या अंथरुणाशी, आपल्या नावे उच्चारले जाऊ देणे ही अनन्यतेतील फट नव्हे काय?

दुसरा आक्षेप सकामतेचा, आणि तो पहिल्याहून सूक्ष्म आहे. पंथाचा साधक देहाच्या आरोग्यासाठी आपल्या परमेश्वराजवळही मागणे मांडीत नाही. रोग हा कर्माचा भोग आहे; तो भोगून सारावा आणि मागावयाचेच तर परमेश्वराचे सन्निधान व प्रेम मागावे, अशी ही शिकवण आहे. मग जे आपण आपल्या देवाजवळ मागत नाही, ते दुसऱ्याने त्याच्या देवाजवळ आपल्यासाठी मागावे आणि आपण मान डोलवावी, यात विसंगती नाही काय?

तिसरा आक्षेप परिणामाचा. सेवा हा उंबरठा आहे, प्रार्थना ही ओसरी आहे आणि माजघरात धर्मांतर आहे, असे पुष्कळांस वाटते. ते लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण देतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर काही काळाने लक्ष्मीबाई पतीबरोबर राहू लागल्या, तेव्हा त्यांनी आपले सोवळे, आपली चूल व आपले पाणी वेगळे ठेवले होते. परंतु १८९५ नंतर अवघ्या पाच वर्षांत त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. “स्मृतिचित्रे”त ही सर्व वाटचाल त्यांनी स्वतःच सांगितली आहे. आक्षेपक म्हणतो, वेगळी चूलही जेथे टिकली नाही, तेथे आजाराने खचलेल्या वृद्धाचा निश्चय काय टिकणार?

सर्वसमन्वयाचे उत्तर

या आक्षेपांना एक सोपे उत्तर दिले जाते. सर्व देव एकच आहेत, नावे वेगळी, तेव्हा कोणीही कोणासाठी कोणत्याही नावाने प्रार्थना करावी. या उत्तराच्या मागे थोर माणसे उभी आहेत. १९२४ मध्ये महात्मा गांधींनी दिल्लीस एकवीस दिवसांचे उपोषण केले. ते सोडताना कुराणातील वचने म्हटली गेली, दीनबंधू अँड्र्यूज यांनी ख्रिस्ती गीत गाइले आणि विनोबांनी उपनिषदांतील पाठ केला. तेच विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने करीत होते व अमळनेरचे साने गुरुजी ती उतरवून घेत होते. पुढे विनोबांनी “ख्रिस्तधर्म-सार” हा ग्रंथही सिद्ध केला. खानदेशच्या भूमीशी निगडित असलेली ही परंपरा आदरणीय आहे, याविषयी वाद नाही.

परंतु पंथाचे ज्ञान हे नव्हे. चार पदार्थांचा भेद वास्तव आहे असे मानणाऱ्याने अडचणीच्या वेळी तो भेद नाहीच असे म्हणणे म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर आपले शास्त्र काढून ठेवणे होय. शिवाय या उत्तराने त्या परिचारिकेचाही मान राहत नाही. तिचीही श्रद्धा एकनिष्ठ आहे; आपला प्रभू आणि इतर सर्व एकच, असे तीही मानीत नाही. दोन एकनिष्ठ माणसे समोरासमोर आली असता दोघांचीही निष्ठा पुसून टाकून मिळविलेले सख्य हे खरे सख्य नव्हे. तेव्हा भेद कायम ठेवूनच उत्तर शोधले पाहिजे.

विचार

प्रथम कर्त्याचा विचार करावा. कर्म ज्याचे, बंध किंवा फळ त्याचे. प्रार्थना ही परिचारिकेची क्रिया आहे. तिचा उद्देश, तिचा देव, तिचे शब्द सारे तिचे आहेत. रुग्ण हा त्या क्रियेचा विषय आहे, कर्ता नव्हे. कोणी आपले भले इच्छिले म्हणून आपण त्याच्या इष्टदेवतेचे उपासक होत नाही. कोणी शिव्याशाप दिले म्हणूनही होत नाही. अनन्यता हा आपल्या अंतःकरणाचा धर्म आहे. ती दुसऱ्याच्या वाणीने भंगत असती तर ज्या गावात देवळाची घंटा, मशिदीची बांग व चर्चचे गाणे ऐकू येते, तेथे एकही अनन्य भक्त उरला नसता. पंथाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. हा मार्ग पंजाबात व पुढे पेशावर-काबुलपर्यंत गेला. तेथे “जयकृष्णी” या नावाने ओळखले जाणारे उपदेशी परधर्मीयांच्या शेजाराने, त्यांच्या सत्तेखाली व त्यांच्या बाजारात राहिले. त्यांनी आपली भक्ती भिंत घालून राखली नाही, स्मरणाने राखली.

सूत्रपाठातील असतीपरी या प्रकरणाचे नावच येथे बोधप्रद आहे. ज्या स्त्रीचे मन अन्यत्र गुंतले आहे ती घरातली सारी कामे करते, सर्वांशी बोलते, पण चित्त एकाच ठिकाणी असते. लोकदृष्टीने निंद्य अशा त्या उपमेतून घ्यावयाचे ते एवढेच की, अनन्यता हाताच्या कामात नसून चित्ताच्या ओढीत असते. हात शुश्रूषा घेत असतील, कान परकी प्रार्थना ऐकत असतील. चित्त कोठे आहे, हा प्रश्न आहे.

पहिल्या आक्षेपाचे बळ येथे कमी होते, पण संपत नाही. कारण रुग्ण नुसता विषय राहिला तर ठीक. तो सहभागी झाला तर तो कर्ता होतो. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात: सेवा, प्रार्थना व विधी.

सेवा म्हणजे औषध, पथ्य, शस्त्रक्रिया, मलमपट्टी, रात्रीचे जागरण. ही सर्व प्रपंचातील कार्ये आहेत. देह प्रपंचाचा आहे, औषध प्रपंचाचे आहे, आणि शल्यवैद्याच्या हातातील सुरी कोणत्याही देवतेची नाही. ही सेवा भिक्षेसारखी आहे. स्वामींनी भिक्षेसाठी चारही वर्णांची घरे मोकळी ठेवली. ज्या घरातून भिक्षा येई त्या घराच्या देव्हाऱ्यात कोणते दैवत आहे, याची चौकशी भिक्षुकाने करावयाची नव्हती. श्रीगोविंदप्रभूंनी पाण्यावाचून तळमळणाऱ्या मातंगांसाठी विहीर करविली, तेव्हा त्यांच्या उपासनेचा हिशेब विचारला नाही. देणाऱ्याचे कूळ व दैवत न पाहता अन्न घेणे, आणि घेणाऱ्याचे कूळ व दैवत न पाहता पाणी देणे, या दोन्ही गोष्टी पंथाच्या मुळातच आहेत.

विधी याच्या उलट टोकाला आहे. ख्रिस्ती मंडळींत रुग्णास तेल लावून प्रार्थना करण्याची पद्धत आहे. तिचा आधार नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आहे. प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षरस हाही त्यांचा पवित्र विधी आहे. हे त्यांच्या उपासकांसाठी आहे. भिक्षेचे अन्न घेणे आणि देवतेचा नैवेद्य म्हणून हाती दिलेला प्रसाद घेणे या दोन गोष्टी पंथाचारात एक नाहीत, हे प्रत्येक वासनिक जाणतो. तोच विवेक येथेही लागू होतो. विधीत भाग घेणे म्हणजे कर्तृत्व पत्करणे होय. ते नम्रपणे नाकारावे. जो आपला विधी मनापासून पवित्र मानतो त्याला, श्रद्धा नसलेल्याने तो उपचारादाखल घेतलेला आवडणारही नाही.

प्रार्थना या दोहोंच्या मध्ये आहे आणि म्हणूनच ती अवघड आहे. ती कोठे पोहोचते? येथे गीतेचा आधार घ्यावा. गीता ही भगवान श्रीकृष्णांची वाणी होय. तिच्या सातव्या अध्यायात कामनेने अन्य देवतांकडे जाणाऱ्यांना मिळणारे फळ अंत पावणारे आहे असे सांगितले आहे. तर नवव्या अध्यायात श्रद्धेने अन्य देवतांचे यजन करणारेही माझेच यजन करतात, पण ते विधीस सोडून असते, असा आशय आहे. दोन्ही वचने एकत्र घेतली म्हणजे उपहास व लोभ या दोहोंनाही जागा उरत नाही. श्रद्धा खरी असेल तर ती पाहणारा परमेश्वर आहे, म्हणून उपहास नको. मागितलेले फळ अंतवंत आहे, म्हणून लोभ नको. ती परिचारिका ज्याला पिता म्हणून हाक मारते तो कोण, याचा निकाल अंथरुणावर पडल्यापडल्या देण्याचे दायित्व रुग्णावर नाही. दृष्टांतपाठातील आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. तेथे पाय खांबासारखा लागला म्हणणारा खोटे बोलत नाही. मात्र हत्ती खांबासारखा आहे, हे त्याचे अनुमानही मान्य करता येत नाही.

दुसरा आक्षेप सकामतेचा होता. त्याचे उत्तर रुग्णाच्या मनातच द्यावे लागते. दुसऱ्याने आपल्यासाठी आरोग्य मागितले, तरी आपण मागितले असे होत नाही. पण ऐकता ऐकता मनात “हिचा देव तरी बरे करील” अशी आशा रुजली, तर सकामता आणि अन्यता दोन्ही एकदमच आत आल्या. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रार्थनेला औषध न समजणे. आधुनिक वैद्यकानेही याची परीक्षा केली आहे. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर अमेरिकेतील सहा रुग्णालयांत केलेला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती मंडळ्यांनी ज्यांच्यासाठी नियमाने प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यातील गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे शंभरात ५२ व ५१ होते. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात मात्र ते ५९ निघाले. यावरून प्रार्थना व्यर्थ ठरत नाही. ती गोळीसारखी मोजण्याची वस्तू नाही, एवढेच ठरते. स्वतः येशूची शिकवणही प्रार्थनेचे प्रदर्शन करू नये, एकांती खोलीत करावी, अशी आहे. म्हणजे त्या परिचारिकेच्या शास्त्राप्रमाणेही तिची प्रार्थना ही वैद्यकीय हमी नव्हे. ती तिच्या करुणेची वाणी आहे. रुग्णाने स्वीकारावयाची ती करुणा. फळाची अपेक्षा नव्हे.

आमिष आणि उपकार

तिसरा आक्षेप परिणामाचा. त्याला दोन बाजूंनी उत्तर द्यावे लागते.

एक बाजू देणाऱ्याची. गीतेच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देश, काळ व पात्र पाहून दिलेले तेच सात्त्विक दान; फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. “तू आमचा हो, मग खाट मिळेल” असे कोणी म्हणेल तर ती सेवा नव्हे, सौदा होय. मग म्हणणारा ख्रिस्ती असो, हिंदू असो की आपल्यापैकीच असो. ख्रिस्ती शास्त्रातही याला आधार नाही. येशूच्या प्रसिद्ध दृष्टांतात वाटमाऱ्यांनी घायाळ केलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनी हा परक्या, तिरस्कृत समाजाचा आहे. तो जखमा बांधतो, धर्मशाळेचे पैसे भरतो व निघून जातो. आपल्या पंथात ये, असे म्हणत नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. तेव्हा अट घातली गेली तर ती नाकारण्यास शास्त्र, लोकरीत व कायदा तिन्ही पाठीशी आहेत. परंतु अट घातलेली नसताना ती आहेच असे गृहीत धरून सेवा करणाऱ्यावर आरोप करणे हा अन्याय आहे. ज्या पंथाने स्वतः शतकानुशतके अपवाद सोसले, ज्याचे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद राहिले म्हणून ज्याच्याविषयी नाही नाही ते बोलले गेले, त्याने तरी दुसऱ्याविषयी ऐकीव गोष्टींवर मत बनवू नये.

खानदेशचेच एक उदाहरण येथे आठवते. धरणगावास १८९० मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात पुढे आले. पोरवयातील या कवीला रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांनी अहमदनगरला आपल्या घरी मुलासारखे ठेवून घेतले. ते ख्रिस्ती घरात राहिले, त्या घरचे अन्न जेवले, त्या घरच्या प्रार्थना त्यांच्या कानांवर पडल्या. पण त्यांनी धर्म बदलला नाही, आणि म्हणून त्यांच्यावरील माया आटलीही नाही. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत मात्र ते घरचेच राहिले. एकाच घरातील ही दोन उदाहरणे आहेत. लक्ष्मीबाई बदलल्या, बालकवी बदलले नाहीत. अन्न व माया दोघांनाही मिळाली होती. तेव्हा बदलाचे कारण अन्नात व मायेत शोधणे युक्त नाही. लक्ष्मीबाईंचा पालट त्यांच्या स्वतःच्या विचारमंथनातून झाला, असे त्यांचे आत्मकथनच सांगते.

दुसरी बाजू घेणाऱ्याची, आणि ती अधिक बोचणारी आहे. रुग्णाचा निश्चय एका प्रार्थनेने ढळेल अशी भीती मुलाला वाटते, तेव्हा ती भीती परिचारिकेविषयी नसून घरातील ज्ञानाविषयी असते. वडिलांना गेल्या किती वर्षांत कोणी निरूपण ऐकविले? आजारपणात गावच्या मंडळींपैकी कोण खाटेपाशी बसले? ज्या वृद्धाला स्वमार्गीयांनी एकटे सोडले, तो परक्या मायेकडे झुकला तर दोष त्या मायेला देता येत नाही. आपल्या आजाऱ्यांची शुश्रूषा आपण करीत नाही आणि दुसरे करतात तेव्हा संशय घेतो, हा धर्मरक्षणाचा मार्ग नव्हे.

आणखी एक कसोटी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत जाळीचा देव हे पंथाचे स्थान आहे. पीडा निवारावी म्हणून तेथे खानदेश-वऱ्हाडातून सर्व जातींचे लोक येतात. भडगाव तालुक्यातील कनाशीसारख्या स्थानीही दर्शनास येणाऱ्यांत उपदेश न घेतलेले पुष्कळ असतात. त्यांतील एखाद्या परधर्मीय पीडिताच्या मस्तकी विशेष लावून एखाद्या साधूने परमेश्वराचे स्मरण केले, तर ते आमिष होते असे पंथातील कोणी म्हणेल काय? आपली करुणा निर्मळ आणि दुसऱ्याची तेवढी सहेतुक, हे माप न्यायाचे नाही.

आचार

आता आचाराचा निष्कर्ष पाहू. वासनिक व अनुसरलेला साधक यांत येथे भेद केला पाहिजे.

वासनिकाने सेवा नि:संकोच घ्यावी. देहरक्षण हे त्याच्या संसाराचे कर्तव्य आहे. त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठीही ते त्याला केलेच पाहिजे. मद्यमांसादी निषिद्ध गोष्टी आहारात येऊ नयेत, एवढे त्याने आधीच स्पष्ट सांगावे. प्रार्थनेविषयी विचारले गेल्यास खरे सांगावे. आपण कोणाचे उपासक आहोत हे लपवू नये आणि मर्जी राखण्यासाठी खोटा होकार देऊ नये. बरी खाट किंवा लवकर उपचार मिळावा म्हणून श्रद्धेचे सोंग आणणारा दुहेरी दोषी होतो: त्याने स्वतःच्या परमेश्वराशी असत्य केले आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला फसविले. विधीत भाग घेऊ नये. बरे झाल्यावर उपकार विसरू नये. रुग्णालयास यथाशक्ति द्रव्य द्यावे, शक्य तर रक्त द्यावे, सेवा करणाऱ्यांची विचारपूस करावी.

साधूचा आचार अधिक कठीण आहे. तो देहाचे चोचले पुरविण्यास निघालेला नाही. सुखसोयींसाठी स्थान निवडणे त्याला शोभत नाही. तथापि, दुखण्याने पडलेल्या साधूला लोकांनी उचलून जे जवळ असेल त्या रुग्णालयात नेले, तर भिक्षेत जसे घर निवडावयाचे नाही, तसेच येथेही निवडावयाचे नाही. त्याने मागणे करू नये. आलेले नाकारण्याचा अहंकारही करू नये. “मी यांच्या हातचे पाणी पिणार नाही” या वाक्यात वैराग्य फार थोडे असते आणि जातीचा जुना अभिमान बराच असतो. तो अभिमान स्वामींनी आपल्या मार्गात प्रथमच मोडून काढला.

नकार देण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे, हे विसरता कामा नये. ज्याचे चित्त परक्या शब्दांनी विचलित होते, ज्याला त्या वेळी केवळ स्मरण हवे आहे, त्याने “नको” म्हणावे. ते सौजन्याने म्हटले तर कोणाचा अपमान होत नाही. चित्ताचे रक्षण हे शिष्टाचारापेक्षा मोठे आहे. कोणी बेशुद्ध असेल तर त्याच्या वतीने घरच्यांनी त्याच्या आजवरच्या आचाराप्रमाणे निर्णय द्यावा. स्वतःच्या भयाप्रमाणे वा लोभाप्रमाणे देऊ नये.

एक गोष्ट मात्र शास्त्राने सुटत नाही. परिचारिकेने रुग्णासाठी आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे असे जे होते ते दिले. उद्या ती आजारी पडली तर वृद्धाने काय द्यावे? आरोग्याचे मागणे तो मागत नाही. प्रेमाचे दान तिने मागितलेले नाही. हे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. तो तिच्या दारी जाऊन बसेल, पाणी देईल, तिला जे हवे ते आणून देईल. कदाचित सेवेचे ऋण सेवेनेच फिटते, आणि प्रार्थनेचे ऋण डोक्यावर घेऊन राहण्यातच नम्रता आहे.

आता त्या खाटेपाशी परत यावे. मुलाने मान हलविली आहे, पत्नीने होकार दिला आहे, परिचारिका वाट पाहत उभी आहे. वर सांगितलेला विचार ज्याच्या ठायी मुरलेला आहे, तो वृद्ध वासनिक साधारणतः असे म्हणेल: “माय, तुझ्या मनातलं तू कर. या देहासाठी मी माझ्या देवाजवळही काही मागत नाही, म्हणून तुझ्याबरोबर मागणार नाही. तू प्रार्थना कर, मी स्मरण करतो.”

मग ती डोळे मिटेल आणि तेही मिटतील. एका खोलीत दोन माणसे दोन ठिकाणी पाहत असतील, आणि कोणी कोणाला फसविलेले नसेल. सकाळी शस्त्रक्रिया यशस्वी होवो अथवा न होवो, आतुराची अनन्यता त्या संध्याकाळीच सिद्ध झालेली असेल.